ड्रॅगन मेल्यावर ओढतो कोण?

दोस्तहो, खेळावर लिहितोय म्हणून हसू नका. खेळात पोरं दुनिया मांडतात. आणि दुनिया कशी मांडायची हे ठरवायला आपल्याला कधी कुणी बोलावलं नाही. म्हणून न बोलावता जाऊन बसलो.

दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत आठ खाडे करून लाखनीला आलो होतो. गोदीत कंत्राटी माणसाला रजा नसते, खाडा असतो, आणि खाड्याचा पैसा नसतो. विदर्भ एक्स्प्रेसनं भंडारा रोड, तिथून हायवेनं गाव. रात्री दंडार बघायला निघालो तर बहिणीच्या ओसरीवर चार पोट्टे कोंडाळं करून बसलेले. मधोमध कागदावर काढलेला नकाशा, पेन्सिली आणि वीस बाजूंचा फासा. बहिणीचा पोरगा नागपूरला इंजिनीअरिंगला आहे, त्यानं आणलेला खेळ. डन्जन्स अँड ड्रॅगन्स. अमेरिकेत 1974 साली निघाला. एकानं दुनिया सांगायची, बाकीच्यांनी त्यात कोणीतरी व्हायचं. कुणी शिपाई, कुणी मांत्रिक, कुणी पुजारी. आपण काय करणार ते तोंडानं सांगायचं, ते जमलं की फसलं हे फासा सांगणार. म्हणजे आपली दंडारच, फक्त तोंडाला रंग नाही.

"बसा ना मामाजी," भाचा म्हणाला. "आमच्या राज्यात दोन साल झाले, पाणीच नाई आला. ड्रॅगननं ढग गिळले."

मी नकाशा बघितला. राजवाडा, मांत्रिकाचा मनोरा, देऊळ, बाजार, शिवार, जंगल. सगळं होतं. म्हटलं, वस्ती कुठं आहे?

"कोणती वस्ती?"

"ड्रॅगन मेल्यावर ओढणाऱ्यांची."

पोट्टे खो खो हसले. मग भाचा हसायचा थांबला. माझ्या पणज्यानं याच शिवारातली मेलेली ढोरं ओढली, हे त्याला माहीत आहे. त्यानं पेन्सिल घेतली आणि गावकुसाबाहेर बारीक बारीक चौकोन काढायला लागला. किती घरं काढू, विचारलं. साठ काढ म्हटलं.

मग मी नियम विचारले. गोदीत चार वर्षं काढली की माणूस आधी नियम विचारतो. भाच्यानं मोबाइलवर दाखवले, 2014 च्या आवृत्तीतले. अन्नपाणी तयार करायचा मंत्र आहे, पुजाऱ्याचा. एकदा म्हटला की 45 पौंड, म्हणजे वीसेक किलो अन्न येतं आणि 15 माणसं एक दिवस जगतात. पुजारी पाचव्या पायरीवर गेला की दिवसातून दोनदा म्हणू शकतो. 30 माणसं. दुसरा मंत्र रानातल्या साधूचा, अगदी खालच्या पायरीचा. दहा बोरं येतात, एक बोर खाल्लं की दिवस निघतो. नवशिक्या साधूलाही दिवसातून दोनदा जमतो. म्हणजे 20 माणसं. 2000 डोक्यांच्या गावाला असे शंभर नवशिके साधू पुरे. आणि या मंत्राला सामान काय लागतं? बांडगुळाची एक डहाळी. मी म्हटलं, हे मात्र खरं लिहिलंय साल्यांनी. बांडगुळाशिवाय अन्नाचा मंत्र कुठंच चालत नाही.

तिसरा मंत्र तर ऐकाच. मांत्रिक आठ तास एका जागी बसून म्हणाला की भोवतालच्या अर्ध्या मैलातल्या जमिनीचं पीक वर्षभर दुप्पट. अर्धा मैल चारी बाजूंनी म्हणजे साधारण 500 एकर. एका मांत्रिकानं वर्षातले 300 दिवस नुसतं गावोगाव फिरून हे काम केलं तर दीड लाख एकर. एकाच माणसाचं काम! मग त्या राज्यात दुष्काळ पडलाच कसा?

"मामाजी, पीकच नाई तर शून्याची दुप्पट शून्यच ना," भाचा म्हणाला. हुशार आहे.

"बरोबर. आन् त्याच्या आधीच्या दहा सालात दुप्पट झालं, ते कोठी गेलं?"

पोट्टे एकमेकांकडं बघायला लागले. नकाशात कोठार नव्हतंच काढलेलं. ते राजवाड्याच्या आत असतं, काढावं लागत नाही.

इथून पुढं खेळ माझा झाला. म्हटलं, बारा वर्षं पाऊस पाडू नका, बघू काय होतं. मंत्रानं आलेलं अन्न चोवीस तासांत नासतं, नियमच आहे. म्हणजे सावकाराला ते कोंडून ठेवता येत नाही. मग तो काय करेल? मांत्रिकालाच कोंडेल. पहिल्या दोन वर्षांत राज्यातले सगळे अन्नाचे मंत्र सावकाराच्या आणि राजाच्या पगारावर जातील. तिसऱ्या वर्षी देवळासमोर रांग लागेल. रांगेत आधी कोण, मग कोण, हे ठरवायला जादू लागत नाही. बोर हातावर टाकायचं की वरून टाकायचं, हेही लगेच ठरेल. चौथ्या वर्षी ढोरं मरायला लागतील आणि वस्तीचं काम वाढेल. सगळ्या राज्यात एकटी वस्तीच कामावर. सहाव्या वर्षी कुणीतरी नवीन पोथी लिहील, की संकटात मोठ्यांनी काय केलेलं चालतं. अन् बाराव्या वर्षी पाऊस आला की पोथी तशीच राहील, कोठार तसंच राहील आणि वस्तीत साठच्या जागी वीस घरं राहतील.

एक पोट्टा म्हणाला, काका, तुमची कल्पना लय भारी आहे. कल्पना कसली, बाबा! हे सगळं आपल्याकडं लिहून ठेवलेलं आहे.

महाभारतात शांतिपर्व काढा. त्रेता आणि द्वापाराच्या सांध्यावर बारा वर्षं पाऊस नाही. विश्वामित्र ऋषी भुकेनं वेडापिसा. कोण विश्वामित्र? ज्यानं त्रिशंकूसाठी दुसरा स्वर्ग उभा केला तो. ग्रहतारे बनवणारा माणूस, पण पसाभर तांदूळ बनवता येत नाही! फिरत फिरत चांडाळांच्या वस्तीत येतो. भीक मिळत नाही. रात्री एका झोपडीत शिरून टांगलेली कुत्र्याची तंगडी चोरायला हात घालतो. चांडाळ जागा होतो. मग दोघांचा मोठा वाद, आणि वादात चांडाळच त्याला धर्म शिकवतो, की हे खाऊ नको, तुला शोभत नाही. ऋषी ऐकत नाही. जीव राहिला तर धर्म राहील म्हणतो, तंगडी घेऊन जातो. देवापितरांचे हिस्से मांडतो आणि इंद्र पाऊस पाडतो. ऋषीचं पाप तपानं जळतं.

आता मला सांगा, त्या चांडाळाचं काय झालं? बारा वर्षं त्यालाही पाऊस नव्हता. ती तंगडी त्याच्या पोराबाळांची उद्याची हांडी होती. तिचा हिशेब कथेत नाही. हाच दाखला मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे, की जीव जात असेल तर ब्राह्मणानं कुणाचंही अन्न खाल्लं तरी त्याला डाग लागत नाही. अन् त्याच अध्यायात चांडाळानं गावाबाहेर राहावं, फुटक्या भांड्यात खावं, हेही आहे. दुष्काळाची सूट कुणाला आणि फुटकं भांडं कुणाला, दोन्ही एकाच अध्यायात. बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1927 ला महाडला हे पुस्तक जाळलं ते उगाच नाही.

दुसरी कथा आपली मराठी. मंगळवेढ्याचा दामाजीपंत, बहामनी राज्यातला अंमलदार, पंधराव्या शतकातला. दुष्काळ पडला, पंतानं सरकारी कोठार उघडलं, लोकांनी धान्य नेलं. बादशहा चिडला. मग म्हणे विठोबा विठू महार होऊन बिदरला गेला, धान्याच्या किमतीचं सोनं दरबारात ओतलं आणि पावती घेऊन आला. लहानपणी ही गोष्ट ऐकताना छाती फुगायची, देव आपल्यातला झाला म्हणून. गोदीत ओझी उचलायला लागल्यावर कळलं, देवानं महाराचं रूप का घेतलं ते. मंगळवेढ्याहून बिदरला ओझं पोचवायचं होतं. ओझं आणि निरोप पोचवणं हे महाराचं काम. पंताचं रूप घेऊन देव ओझं नेता तर दरबारानं ओळखलं नसतं का, की हा खोटा आहे! देव एका फेरीपुरता हमाल झाला. आपण कायमचे. आणि त्याच मंगळवेढ्याचं गावकूस बांधताना भिंत कोसळून 1338 साली चोखोबा आणि त्याच्यासोबत काम करणारे गाडले गेले असं सांगतात. त्या दिवशी कोणी कुणाचं रूप घेऊन आला नाही.

तरी दामाजीपंताला मी शिव्या घालत नाही. कथेत खरी जादू एकच आहे, कोठाराचं दार उघडलं. बाकी सगळं सोन्याचं.

आता आमच्या जिल्ह्याचं बघा. भंडारा तलावांचा जिल्हा. कोहळ्यांनी बांधलेले तलाव, पुढं मालगुजारांचे झाले, 1951 साली मालगुजारी गेली तेव्हा माजी मालगुजारी म्हणून त्यांचं नाव पडलं मामा तलाव. (भाचा मला यावरून चिडवतो.) एवढं पाणी, धानाचा मुलूख, तरी 1896-97 ला दुष्काळ आणि लगेच 1899-1900 ला दुसरा. 1891 च्या खानेसुमारीत या जिल्ह्यात, तेव्हा गोंदियाही त्यातच, साधारण 7 लाख 43 हजार माणसं मोजली. 1901 ला 6 लाख 63 हजार. दहा वर्षांत माणसं वाढायची सोडून ऐंशी हजारांनी कमी. तलाव फुटले नव्हते. पण तलावाचं पाणी आधी कुणाच्या बांधीत जाईल हे तलाव ठरवत नसतो. अन् आमच्यातले पुष्कळ जण तेव्हा जाडंभरडं कापड विणून पोट भरायचे. भाताला पैसा नाही तिथं लुगडं कोण घेतो? धान आधी शेतात मेलं, पण माणूस आधी मागावर मेला. अमर्त्य सेननं 1981 च्या पुस्तकात 1943 च्या बंगालबद्दल हेच मांडलं: भाताचा तुटवडा फार मोठा नव्हता, भात घ्यायची ताकद गेली होती. आमच्या म्हाताऱ्यांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होतं, पण म्हाताऱ्यांना नोबेल मिळत नाही.

आणि धान्य जातं कुठं, ते मला विचारा. ते माझ्या पाठीवरून जातं. 1876 ते 78, दख्खनेत आणि मद्रासेत माणसं रस्त्यावर मरत होती आणि हिंदुस्थानातून इंग्लंडला त्या दुष्काळात विक्रमी गहू गेला, 3 लाख 20 हजार टन. तो कुणीतरी बोटीवर चढवला. कुणी? उपाशी माणसानंच चढवला असणार, दुसरं कोण चढवतं! आज मी डाळीच्या गोण्या उतरवतो. आकडा गोणीत घुसवला की दोन-चार दाणे सांडतात. ते दाणे गोळा करणाऱ्या बायांना दरवाजावरून हाकलतात, मी रोज बघतो. आणि जादूच म्हणाल तर गोदीनं तीही बघितली आहे. 14 एप्रिल 1944 ला फोर्ट स्टिकिन नावाची बोट फुटली तेव्हा मुंबईत आभाळातून सोन्याच्या विटा पडल्या. खोटं नाही. दारूगोळ्याबरोबर बोटीत सोनं होतं. त्याच आगीत गोदामातलं हजारो टन धान्य जळालं. बंगालचा दुष्काळ तेव्हा ताजा होता. सोनं पुढं कितीतरी वर्षं समुद्राच्या गाळातून शोधून काढलं. धान्याच्या राखेचं काय करणार?

मग दुनिया बदलते कशानं? जादूनं तर नाही. 1877 मध्ये रिचर्ड टेंपल नावाच्या साहेबानं हिशेब बसवला, की दिवसभर राबणाऱ्या माणसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा पुरे. (नावातच देऊळ, अन् नैवेद्य असा.) मुंबई इलाख्यात दुष्काळी कामावरच्या लोकांनी यावर काम सोडलं. उपाशी माणसांचा संप! त्याच वर्षी जोतीराव-सावित्रीबाईंच्या सत्यशोधक समाजानं धनकवडीला दुष्काळातल्या पोरांसाठी अन्नछत्र चालवलं. तिथं बांडगुळाची डहाळी लागली नाही. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात सुकडी आणि लाल मिलो खाऊन माणसं खडी फोडत होती. 1973 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. एवढी माणसं एका जागी आली, मोर्चे निघाले, आणि काम मागायचा हक्क 1977 च्या रोजगार हमीच्या कायद्यात लिहावा लागला. तो कायदा कुणा मांत्रिकाच्या मनोऱ्यातून आला नाही.

आणि आपल्या काळातलं सांगतो. जुलै 2016, गुजरातेत उना. मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या पोरांना बांधून फोडलं. मग तिथल्या दलितांनी सुरेंद्रनगरला मेलेली ढोरं आणून कलेक्टर कचेरीपुढं टाकली आणि म्हणाले, ज्यांची आई आहे त्यांनी उचलावी. शहराला वास आला तेव्हा कळलं, वस्ती कुठं आहे ते.

म्हणून त्या रात्री भाच्यानं विचारलं, "मामाजी, तुम्ही कोण होणार? शिपाई की मांत्रिक?" तेव्हा मी म्हटलं, मी वस्तीतला. पोट्ट्यांनी तेवढ्यात शूरपणा करून ड्रॅगन मारला होता. मारला कुठं? ऐन राजवाड्यापुढं. केवढं धूड! डोंगराएवढं. पोट्टे म्हणाले, जिंकलो.

म्हटलं, थांबा. आता माझी पाळी. वस्ती सांगते, ड्रॅगन ओढणार नाही. दोन वर्षांचं धान्य आधी कोठाराबाहेर काढा. वाटप चावडीवर, रांग एकच. नाहीतर सडू द्या.

भाचा फासा हातात घेऊन बसून राहिला. पुस्तकात वस्तीच्या संपाचा नियम नाही. म्हणाला, फासा टाका, बारा किंवा वर पडला तर जमलं. मी म्हटलं, मी एकटा कसा टाकू? एकटा हटून बसला तर त्याला मारतील आणि दुसऱ्याला ओढायला लावतील. तो पानं चाळत राहिला. मग ओरडलाच. नियम होता! काम सगळ्यांचं असेल तर प्रत्येकानं फासा टाकायचा, निम्म्यांना जमलं तर सगळ्यांना जमलं.

"मग साठ वेळा टाका लागन," तो म्हणाला.

"टाकू ना."

आवाजानं आजी उठून आली. त्याच सकाळी मी तिला राशनच्या दुकानावर घेऊन गेलो होतो. आयुष्यभर परे उपटले, रोवणे केले, चिखलात बोटं झिजली, तिचा अंगठा मशीनवर उमटत नाही. पाच वेळा टेकवला. ओला करून टेकवला, पदराला पुसून टेकवला. दुकानदार म्हणाला, उद्या या. तिकडं झारखंडात सिमडेगा जिल्ह्यात 2017 साली अकरा वर्षांची पोरगी भात-भात म्हणत गेली असं तिच्या आईनं सांगितलं. आधारला जोडलं नाही म्हणून घराचं राशनकार्ड कापलेलं. सरकार म्हणालं, भुकेनं नाही गेली. अन्नाच्या मंत्राला आता अंगठा लागतो, एवढाच फरक पडलाय.

"काय करून राहिले रे एवढ्या राती?" आजीनं विचारलं. भाच्यानं सगळं सांगितलं, ड्रॅगन, कोठार, साठ घरं. तिला ड्रॅगन काय ते कळलं नाही, ढोर ओढायचं नाही हे कळलं. खाली बसली.

"मीबी टाकतो एक," म्हणाली.

तिला चौदा पडले. मग बहीण आली, शेजारची दोघंतिघं दंडारीहून परतताना थांबली, प्रत्येकानं एकेका घराच्या नावानं टाकला. कुणाला तीन, कुणाला एकोणीस. भाचा वहीत रेघा ओढत होता. चाळीस घरं झाली तेव्हा सतरा जमली होती, तेवीस फसली होती. वीस घरं बाकी होती आणि पहाट होत आली होती. दुपारी माझी गाडी होती. वही भाच्याकडं आहे.